मदत हवी आहे: पवनचक्क्यांना गावाचा पाठिंबा कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी. पवनऊर्जा प्रकल्पासाठी गावकऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलंय. ज्याच्या जमिनीत पवनचक्की, त्याला भाडं मिळतं; शेजाऱ्याच्या वाट्याला मात्र पात्यांचा आवाज आणि मावळतीला घरातल्या भिंतीवरून सारखी सरकणारी सावली. खरा राग तिथेच आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने ४.५ किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना किमान २० टक्के हिस्सा विकत घ्यायची संधी देणं बंधनकारक केलं होतं. पण ज्यांच्याकडे गुंतवायला पैसेच नाहीत त्यांचं काय? त्यापेक्षा वार्षिक गावनिधी बरा, की थेट वीजबिलात सवलत? (माहितीपत्रकं वाटा, एवढं मात्र सुचवू नका!)

कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा: पहिली बैठक जागा नक्की व्हायच्या आधी घेतलीत की नंतर? आणि निधीचा हिशोब कोणाच्या हातात दिलात?