श्नायडरने बिशेटला बाहेर काढलंच का? गेम ७ चा राग इथे काढा

टोरांटोकर_विन्या
झोप झालेली नाही त्यामुळे वाक्यं लांबतील, सांभाळून घ्या. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १ नोव्हेंबर २०२५ ला रात्री टोरांटोच्या रॉजर्स सेंटरला बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, सातवी आणि शेवटची मॅच, आपले टोरांटोचे ब्लू जेज विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स, आणि आपण ११ इनिंगमध्ये ५-४ हरलो. १९९३ नंतरची पहिली ट्रॉफी दोन आउटवर आली होती आणि गेली.

तर माझा मुद्दा. नववी इनिंग, स्कोअर ४-४, आपली बॅटिंग, एक आउट (तीन झाले की इनिंग संपते). बो बिशेटने सिंगल मारली, म्हणजे पहिल्या बेसवर पोचला. हा तोच माणूस ज्याने तिसऱ्या इनिंगमध्ये डॉजर्सचा पिचर ओटानीला तीन रनचा होमर (थेट मैदानाबाहेरचा फटका) हाणला होता. आपल्या मॅनेजरने, श्नायडरने, काय केलं, तर त्याला बाहेर बोलवून कायनर-फलेफाला पळायला उभं केलं. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला माणूस परत येत नाही, म्हणजे चौथ्या नंबरचा बॅट्समन कायमचा गेला आणि त्याच्या जागी कोण, तर ज्याची बॅट बघून पिचरला घाम फुटायचं काहीच कारण नाही असा माणूस. बरं, रन झाली का? नाही. मग अकराव्यात आपण एकने मागे, व्लाडीने पहिल्याच झटक्यात डबल मारली, शून्य आउट, बरोबरीची रन दुसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला येतो कोण? कायनर-फलेफा! त्याने बंट केला (बॅट न फिरवता बॉल नुसता टेकवायचा, स्वतः आउट झालं तरी रनर पुढे सरकतो). वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या इनिंगला आमचा क्लीनअप हिटर (चौथ्या नंबरचा बॅट्समन) बंट करतोय राव. दहावी-अकरावी इनिंग असते हे श्नायडरला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आकडेबाज
विन्या, राग समजू शकतो पण हे सगळं रिझल्ट बघून चाललंय. नवव्यात ४-४ असताना आणि तुम्ही होम टीम असताना एक रन झाली की मॅच तिथेच संपते. त्या एका रनसाठी सगळं पणाला लावायचं नाही तर कधी लावायचं? बिशेटचा गुडघा ६ सप्टेंबरला यांकीजविरुद्ध होम प्लेटवर (जिथे पोचलं की रन होते) धडकून गेला, नंतर दोन राउंड तो खेळलाच नाही, वर्ल्ड सिरीजला आला तो पण सेकंड बेसवर, जिथे तो मेजर लीगमध्ये त्याआधी कधी उभा राहिला नव्हता. पळताना तो लंगडत होता हे घरी सोफ्यावरून पण दिसत होतं. पहिल्या बेसवरून गॅपमधल्या डबलवर तो घरी पोचला असता का? मला वाटत नाही.

आणि बंटबद्दल. दुसऱ्या बेसवर माणूस, शून्य आउट, यातून निदान एक रन व्हायची शक्यता साधारण ६० टक्क्यांच्या थोडी वर असते. तिसऱ्या बेसवर माणूस आणि एक आउट असेल तर ती थोडीशी वाढतेच. एकूण किती रन होतील ती सरासरी खाली येते हे खरं, पण आपल्याला आधी बरोबरी हवी होती, ढीगभर रन नको होत्या.

मिसिसागाची_माई
अरे बाळांनो, तुम्ही दोघं बिशेटवर भांडताय आणि खरी गंमत तिसऱ्या बेसवर झाली. नवव्यात आपल्या बार्जरला वॉक (फुकट पहिला बेस), मग डॉजर्सचा पिचर यामामोटो आला, त्याने कर्कला बॉल मारला (त्यालाही फुकट बेस), बेस लोडेड म्हणजे तिन्ही बेसवर माणसं, एक आउट. वार्शोने सेकंड बेसकडे ग्राउंडर मारला, डॉजर्सच्या रोहासचा तोल गेला होता तरी त्याने होमला थ्रो केला आणि कायनर-फलेफा इतक्याशाने आउट. इतक्याशाने म्हणजे बुटाच्या टोकाएवढ्याने. त्यांचा कॅचर स्मिथचा पाय प्लेटवरून उचलला गेला होता, परत टेकला की नाही ते बघायला रिप्ले लागला.

आता कायनर-फलेफाचा लीड बघा. तिसऱ्या बेसपासून किती लांब उभा होता? जवळजवळ चिकटून! मॅचनंतर तो स्वतःच म्हणाला की बेसजवळ राहायला सांगितलं होतं, लाइन ड्राइव्हवर (सरळ हवेतला फटका पकडला गेला तर) डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, नको म्हणून. का सांगितलं? कारण आदल्याच रात्री सहाव्या मॅचचा शेवट तसाच झाला, आपल्या हिमेनेसचा बॉल डॉजर्सच्या किके हर्नांडेझने पुढे धावत येऊन पकडला आणि बार्जर सेकंडवर सापडला. म्हणजे काल पोळलं म्हणून आज ताक फुंकून प्यायलात. पळण्यासाठी आणलेल्या माणसाला पळू नको सांगायचं, तर मग बिशेट काय वाईट होता?

टोरांटोकर_विन्या
माई, हेच तर म्हणतोय मी!! पिंच रनर (बदली पळणारा) घालायचा आणि त्याला खुंटीला बांधायचं.

पुण्याहून_पहाटे
भाबडा प्रश्न आहे, क्रिकेटवाला माणूस आहे मी, पहाटे साडेपाचपासून पोरीच्या नादाने बघत बसलो. त्या रनरला कॅचरने हात पण लावला नाही, तरी आउट कसा? (आणि आज दुपारी नवी मुंबईत मुलींची वर्ल्ड कप फायनल आहे, तेवढी तरी जिंकू दे रे देवा, एका दिवसात दोन धक्के झेपणार नाहीत.)

आकडेबाज
काका, तिन्ही बेस भरलेले असले की मागचा माणूस ढकलत येतो, त्यामुळे रनरला पुढे जावंच लागतं. अशा वेळी टॅग लागत नाही, बॉल हातात आणि पाय प्लेटवर, झालं. आपल्याकडे रनआउटला बेल्स उडवतात, बॅट्समनला बॉल लावत बसत नाहीत, तसंच.

माई, लीडबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत. पण इनफिल्ड आत घेतलेली होती, एक आउट होता, आणि तिसऱ्या बेसवर डबल प्ले झाला असता तर इनिंगच संपली. तेव्हा आपण सगळ्यांनी इथेच लिहिलं असतं की एवढा लांब कशाला गेला होतास रे शहाण्या. आणि वार्शोच्या जागी क्लेमेंटचा बॉल आधी आला असता तर? क्लेमेंटने पुढच्याच बॅटिंगला इतका खोल मारला की डॉजर्सचा पाहेस किकेच्या अंगावर चढून पकडतोय. तोच बॉल एक आउट असताना आला असता तर, कॅचनंतर रनरला पळायची मुभा असते म्हणून, बेसला चिकटून उभा असलेला माणूस पण चालत घरी आला असता.

अर्व्हाइनचा_अव्या
डॉजर्सवाला आहे, आधीच सांगतो, चपला नंतर मारा. तुमचं सगळं श्नायडरवर चाललंय पण समोर आमचा मॅनेजर रॉबर्ट्सने काय केलं ते बघा ना. बेस लोडेड असताना मधेच एडमनला काढून पाहेसला सेंटरला उभं केलं. पाहेसची बॅट या सिरीजमध्ये झोपलेली होती, म्हणून तर तो बाहेर बसला होता. आणला फक्त त्याच्या पायांसाठी आणि हातासाठी, आणि बॉल थेट त्याच्याकडेच. आणि यामामोटो! आदल्या रात्री ९६ पिच टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आणला. त्याने आल्या आल्या कर्कला बॉल मारला तेव्हा मी इकडे रॉबर्ट्सला शिव्याच घालत होतो, आणि तिथे वार्शोचा बॉल दोन फूट इकडेतिकडे गेला असता तर आख्ख्या लॉस एंजेलिसने घातल्या असत्या. आता तोच यामामोटो एमव्हीपी (सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू) आणि रॉबर्ट्स जिनियस.

ब्रॅम्प्टन_बंड्या
अव्या, चप्पल उधार राहिली.

माझं मत वेगळंच आहे. बिशेट, लीड, बंट हे सगळं नंतरचं. मॅच गेली ती रोहासच्या होमरला. नवव्यात एक आउट, आपण ४-३ पुढे, समोर नवव्या नंबरचा बॅट्समन, जो ग्लोव्हसाठी टीममध्ये आहे. आपला पिचर हॉफमनने त्याला फुल काउंटवर (अजून एक बाहेरचा बॉल म्हणजे वॉक) स्लायडर (वळणारा बॉल) टाकली आणि ती बसली मधोमध. पुढे ओटानी येणार होता म्हणून वॉक नको होता हे कळतं, पण मग फास्टबॉल टाक ना दणकून. आणि त्याच्या आधी सातव्यात येसॅव्हेजला आणलं, २२ वर्षांचा पोरगा, सीझनच्या सुरुवातीला सिंगल ए मध्ये (खालच्या लीगमध्ये) होता, तीनच दिवसांपूर्वी पाचव्या मॅचला १२ स्ट्राइकआउट काढून दमलेला, त्याला आठव्यात मन्सीने होमर मारला. बुलपेनवर (नंतर येणाऱ्या पिचरांवर) भरवसाच नाही या श्नायडरचा. २०२३ विसरलात का, मिनेसोटाला वाइल्ड कार्ड राउंडला बेरियोस मस्त टाकत होता, ४७ पिचवर त्याला काढलं आणि किकुचीला आणलं, २-० ने घरी आलो. तेव्हा लवकर काढलं म्हणून रडलो, आता उशिरा काढलं म्हणून.

आकडेबाज
बंड्या, शेवटचं वाक्य तू स्वतःच्या विरोधात लिहिलंयस.

ब्रॅम्प्टन_बंड्या
लिहिलंय तर लिहिलंय. भरवसा नाही हा मुद्दा दोन्हीकडे एकच आहे.

मिसिसागाची_माई
बंड्या, हॉफमनला काढून आणणार कुणाला होतास ते पण सांग की. सिअ‍ॅटलविरुद्धच्या सातव्या मॅचला (वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या राउंडला) ४-३ ची आघाडी यानेच राखली, तेव्हा नाचलास. आणि त्यांच्याच विरुद्ध पाचव्या मॅचला आठव्या इनिंगमध्ये लिटलला आणलं तेव्हा हॉफमन का नाही आणला म्हणून तूच बोंबलत होतास.

बंटचं म्हणाल तर मला बंटचा राग नाही. त्याच सिअ‍ॅटलच्या सातव्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला बार्जर वॉक, कायनर-फलेफाची सिंगल, हो हाच कायनर-फलेफा, मग हिमेनेसचा बंट, आणि पुढे स्प्रिंगरचा तीन रनचा होमर. तेव्हा कुणी बंटला नावं ठेवली नाहीत. उलट सगळे सिअ‍ॅटलच्या मॅनेजरच्या मागे लागले की पिचर मुन्योस बसून होता आणि बझार्डो कशाला आणला.

टोरांटोकर_विन्या
माई, फरक आहे. तिथे बंट हिमेनेसने केला आणि मागे स्प्रिंगर होता. इथे बंटनंतर बार्जर, आणि त्याच्यानंतर कर्क. कर्क माझा लाडका आहे पण तो पळतो कसा हे सगळ्या लीगला माहिती आहे. बार्जरला वॉक मिळाला, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, एक आउट, आणि पुढे सगळ्यात हळू पळणारा माणूस. डबल प्लेसाठी याहून चांगली पंगत काय वाढायची? बॅट तुटली, बॉल बेट्सकडे, सेकंडला पाय, फर्स्टला थ्रो, खलास. आकडेबाज, तुझी ६० टक्केवाली टेबलं सगळ्या टीमची सरासरी आहेत, त्यात पुढे कर्क आहे हे कुठे लिहिलेलं असतं?

आकडेबाज
नाही लिहिलेलं, मान्य. पण मग बंट न करता कायनर-फलेफाने काय केलं असतं ते पण धर ना. यामामोटोचा स्प्लिटर (ऐनवेळी खाली पडणारा बॉल) त्याला लागला असता का? स्ट्राइकआउट झाला असता तर व्लाडी सेकंडलाच, एक आउट, म्हणजे बंटपेक्षा वाईट.

टोरांटोकर_विन्या
म्हणूनच तर! तिथे कायनर-फलेफा नकोच होता! तू फिरून फिरून माझ्याच दारात येतोयस. तिथे बिशेट असता तर बंटचा प्रश्नच आला नसता. शून्य आउट, व्लाडी सेकंडवर, एक सिंगल आणि ५-५. या सिरीजला तो साडेतीनशेच्या आसपास (म्हणजे दहातल्या साडेतीन वेळा हिट) मारत होता, एका पायावर.

आकडेबाज
आणि दहाव्या-अकराव्यात सेकंड बेसवर पण तोच एका पायावरचा उभा राहिला असता. दहाव्यात डॉजर्सचे बेस लोडेड होते, एक आउट, आणि इनफिल्डने वाचवलं. तिथे बिशेटकडे बॉल आला असता आणि सुटला असता तर हा धागा काय नावाने निघाला असता ते सांग.

अर्व्हाइनचा_अव्या
"श्नायडरने बिशेटला बाहेर काढलं का नाही" 😂

टोरांटोकर_विन्या
अव्या तू गप. तिसऱ्या मॅचला पण हेच झालं होतं, १८ इनिंग चालली, एकेक पिंच रनर घालत घालत शेवटी आपले मोठे बॅट बाहेर बसून टाळ्या वाजवत होते, स्प्रिंगर दुखावला तो वेगळाच, आणि फ्रीमनने होमर मारून ६-५ ने संपवली. पाच दिवसांपूर्वी झालेली गोष्ट. एकदा ठीक आहे, दुसऱ्यांदा तरी गुडघ्याच्या माणसाला विचारायचं, पळशील का रे म्हणून.

मिसिसागाची_माई
विचारलं असतं तर तो हो च म्हणाला असता रे. कुठला खेळाडू नाही म्हणतो? म्हणून तर मॅनेजर ठेवतात.

पुण्याहून_पहाटे
माई, म्हणजे तुम्ही बिशेटला काढायच्या बाजूने आहात की विरोधात?

मिसिसागाची_माई
काढायच्या बाजूने, आणि काढल्यावर कायनर-फलेफाला तिसऱ्या बेसवरून चार पावलं पुढे उभं करायच्या बाजूने. अर्धं धाडस करून उपयोग नाही. डबल प्ले झाला असता तर झाला असता, दहावी खेळलो असतो, नाहीतरी खेळलोच.