पहिल्यांदा डोंगरावरचा बर्फ पाहिला तेव्हा... खान्देशकरांनो, अनुभव लिहा

तापीकाठची:
आज दुपारी फ्रिज साफ करायला काढला. जळगावात बाहेर ४४, लाईट जाऊन-येऊन. फ्रीजरमधला भुसभुशीत बर्फ सुटून तळहातावर आला आणि मी ओट्याशी तशीच उभी राहिले. पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी हात झटकवेना. असा बर्फ आधी एकदाच हातात घेतला होता, डिसेंबर २०२१ मध्ये, उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला. आपल्याकडे बर्फ म्हणजे लग्नातल्या पाण्याच्या टाकीतली लादी, नाहीतर गोळेवाल्याचा चुरा. ज्यांनी डोंगरावरचा पाहिलाय त्यांनी लिहा. आधी माझं सांगते.

तेव्हा वय ४६, आयुष्यात एकही ट्रेक नाही. मैत्रिणीच्या मुलीच्या ग्रुपमध्ये एक जागा रिकामी झाली आणि मी हो म्हणून बसले. दोन महिने पहाटे मेहरूण तलावाला चकरा, संध्याकाळी अपार्टमेंटचे जिने. भुसावळहून दिल्ली, पुढे डेहराडून, मग मसुरी, पुरोला, मोरी करत गाडीने सांक्री. दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस गेला. सांक्री साधारण १९५० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याच्याही वर गाडीतून उतरायचं आणि तिथून चालायला सुरुवात करायची.

सामानाच्या यादीत एक ओळ होती: सुती काहीही आणू नका. आमच्या घरात तीन पिढ्या कपाशी, मला ते फार लागलं. पण खरं होतं. सूत घाम पितं आणि सोडत नाही, थांबलं की तोच ओलावा अंग गार करतो. चढताना एकेक कपडा काढायचा, थांबलं की लगेच चढवायचा, हे तिथे शिकले.

वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या अलीकडे बर्फ लागला. लहानपणी भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचे, आम्ही भावंडं त्यात उड्या मारायचो. पहिलं पाऊल टाकलं आणि पायाला तेच आठवलं. आधी आत जाणं, मग खालून कशानं तरी धरणं. फक्त इथे करकर आवाज होता.

शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. बुटाला खाली दातेरी साखळ्या, कपाळावर दिवा. तासाभरात डाव्या पायाची बोटं कळेनाशी झाली. मी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. आमच्यासोबतच्या गावातल्या पोराने चाल पाहूनच ओळखलं. मला बसवलं, बूट पाहिला. दोन जोडी मोज्यांवर मी नाडी करकचून आवळली होती, रक्तच पोचत नव्हतं. त्याने नाडी सैल केली, एक मोजा काढायला लावला आणि म्हणाला, बोटं हलवत राहा आंटी. आधी मुंग्या आल्या. मग जी कळ आली, मी हमसून रडले. तो हसला. दुखतंय म्हणजे पाय जागा झाला, म्हणाला.

वर पोचलो तेव्हा समोरच्या स्वर्गारोहिणी शिखराच्या टोकाला नुकतं केशरी लागत होतं. ३८०० मीटर. दगडांत रोवलेला त्रिशूळ, त्याच्यावर बर्फ. मी कुणाशी काही बोलले नाही. हातमोजा काढून एक मूठ बर्फ घेतला आणि वितळेपर्यंत धरून ठेवला. आज ओट्याशी तेच झालं.

दादरची भाकर:
ताई, वाचता वाचता दूध उतू गेलं. पण आधी एक, फ्रिजचा बर्फ सुरीने काढत नाही ना? माझ्या जावेने काढला, नळीला भोक पडून गॅस गेला. बंद करून दार उघडं ठेवा, आपोआप सुटतो.

तापीकाठची:
नाही गं, हातानेच सुटला. थँक्यू.

अस्तंभा वारी:
बर्फ नाही पाहिला पण लिहितोच. आम्ही तळोद्याकडचे. धनत्रयोदशीला सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या डोंगराची यात्रा, रात्रभर चढायचं, हातात बॅटरी, पुढे-मागे जयजयकार. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो असं आजी सांगायची. वाट चुकलेल्याला तोच वाटेवर आणून सोडतो म्हणे. पहाटे माथ्यावर वारा असा झोंबतो की दात वाजतात. तुमच्या त्या पोराचं वाचलं आणि मला आजीचं तेच आठवलं.

मुक्काम धुळे:
माझे मिस्टर फौजेत होते. द्रासला दोन हिवाळे काढले. मुलगा कॉलेजच्या पोरांबरोबर बर्फात ट्रेकला निघाला तेव्हा हे दोन दिवस गप्प होते. मग रात्री स्वतः त्याची बॅग भरायला बसले. प्रत्येक मोजा उलटा करून शिवण बघत होते. शिवण बोटावर आली की तिथे आधी फोड येतो, मग थंडी तिथूनच धरते. बर्फाविषयी ते घरात एवढंच बोलले, बारा वर्षांत. मुलगा सुखरूप आला. ह्यांनी आधी त्याचे पाय बघितले, मग मिठी मारली.

तापीकाठची:
वहिनी 🙏 काय लिहू कळत नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

केळीचा घड:
मी उलटा फिरलो, तेही लिहितो कारण ते कुणी लिहीत नाही. हाच ट्रेक, जानेवारी, वय ३१, रावेरात रोज बागेत राबणारा माणूस, दमायचा प्रश्नच नव्हता. वरच्या कॅम्पवर डोकं ठणकायला लागलं, जेवण बघवेना, दोनदा उलटी. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्केच, प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. तब्येत दणकट असली म्हणून त्याला चुकवता येत नाही. ज्यांच्याबरोबर गेलो (नाव घेत नाही) त्यांचा लीडर म्हणे गोळी घ्या, झोपा, सकाळी वर जाऊ. बोटावर लावायचं ऑक्सिजनचं यंत्र होतं, सेल नव्हते. शेवटी खेचरवाल्या काकांनी ठणकावून सांगितलं, याला आत्ता खाली न्या. अंधारात तीन तास उतरलो. खाली आल्यावर डोकं पाटी पुसल्यासारखं साफ. विरळ हवेची ही लक्षणं दिसली की वर जायचं नाही, वाढली तर उतरायचं, हेच पहिलं औषध आहे. पैसे भरलेत म्हणून चढू नका रे बाबांनो.

दादरची भाकर:
बरं झालं लिहिलंत भाऊ. माझा भाचा जाणारे, त्याला हे पाठवते.

वाघुरवाला:
जेवणाचं काय ते सांगा!! मी उत्तराखंडातच कुआरी पास या खिंडीच्या ट्रेकला गेलो तेव्हा आईने ठेचा आणि तिखट शेव दिली होती. रोज खिचडी, रोज सूप. तिसऱ्या दिवशी डबा काढला तर गुजरातची माणसं, बंगालची माणसं, सगळे माझ्या तंबूत. तेलाचा ठेचा थिजून वडी झाली होती, चमच्याने खरवडून खाल्ला. नाकातून पाणी आलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा कान गरम झाले.

दादरची भाकर:
ठेच्यात शेंगदाणे किती? आमच्याकडे जास्त घालतात, मग टिकत नाही.

वाघुरवाला:
न घालता. नुसती मिरची, लसूण, मीठ, तेल. प्रवासाला तोच.

अस्तंभा वारी:
हिवाळ्यात भरीत सोडून लोक सूप प्यायला जातात, हे मला खरंच समजत नाही 😄 डिसेंबरात बामणोदची वांगी, शेतात काड्यांवर भाजलेली, कळण्याची भाकर. कुठे जायचं सोडून?

वाघुरवाला:
भरीत परत आल्यावर. जानेवारीतही असतंच की.

अहिरानी मानूस:
ताई गह्यरं भारी लिखं. माले बी जानं शे, पन गुडघा ऐकत नही.

तापीकाठची:
आप्पा, तोरणमाळपासून सुरुवात करा. हळूहळू ऐकेल तो.

नवीन बूट:
थोडक्यात विचारते, तव्यावर पोळी आहे. या डिसेंबरला जायचंय, पहिलाच ट्रेक, शिरपूरची आहे. पाणी गोठतं म्हणतात ते खरं का? रात्री काय करायचं?

केळीचा घड:
बाटली उलटी ठेवायची, झाकण खाली. पाणी वरून गोठत येतं, मग तोंडाशी पाणीच राहतं. मोबाइल आणि पॉवर बँक झोपायच्या पिशवीत, पायाशी. थंडीत बॅटरी बसते. काळा चष्मा विसरू नका. बर्फावरच्या उन्हाने डोळे असे चुरचुरतात की उघडवत नाहीत.

तापीकाठची:
आणि तहान लागली नाही तरी पाणी पी. तिथे घाम जाणवत नाही, आपल्याला वाटतं थंडी आहे तर कशाला. रात्री बाहेर जावं लागेल म्हणून बायका पाणी कमी पितात, मीही तेच केलं, दुसऱ्या दिवशी डोकं जड. रात्री तंबूची चेन उघडायचा कंटाळा येतो हे खरं. पण मी अशीच दोनला बाहेर पडले आणि वर पाहिलं तर ताऱ्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. शेतावर खाटेवर झोपायचो तेव्हाही एवढे दिसले नव्हते.

नवीन बूट:
काकू 😭 जायचं पक्कं. बूट महाग आहेत फार, बघते कुठे भाड्याने मिळतात का.

तापीकाठची:
नंबर कोणता तुझा? माझे सहा नंबरचे माळ्यावर पडून आहेत. एकदाच वापरलेत. चिकटवलेले तळवे ठेवून ठेवून सुटतात, तेवढं मोचीकडून बघून घेते.

नवीन बूट:
सहाच!!

तापीकाठची:
मग शिरपूरच्या एसटीने पार्सल करते. दिवाळीआधी मिळाले म्हणजे पायात घालून गावात फिरायला लाग, पाय रुळले पाहिजेत. मोजे मात्र नवे घे, आणि शिवण बघून.