निवडलेल्याच टॅबवर पुन्हा टॅप केल्याचे कसे ओळखावे?

ऐरोलीकर:
ठाणे-वाशी-पनवेल मार्गावरील लोकलचे वेळापत्रक दाखवणारे एक छोटे आयफोन ॲप मी स्वतःपुरते स्विफ्ट या ॲपलच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत आहे. वेळापत्रक, स्थानके आणि आवडत्या गाड्या असे त्यात तीन टॅब आहेत. यादी चाळत शेवटच्या गाडीपर्यंत गेल्यावर ‘वेळापत्रक’ टॅबवर पुन्हा टॅप केले, की यादीने आताच्या वेळेनंतरच्या पहिल्या गाडीवर परत यावे, एवढेच हवे आहे. कारण डब्यात एका हाताने कडी धरलेली असताना अंगठ्याने सगळी यादी मागे सरकवणे मला तरी जमत नाही. हे काम आधी व्ह्यूविलअपीअरमध्ये, म्हणजे स्क्रीन दिसण्याआधी चालणाऱ्या मेथडमध्ये, ठेवले होते, परंतु टॅब आधीच निवडलेला असेल तर ते चालतच नाही, आणि गाडीचा तपशील पाहून मागे आले की नको असताना चालते. मग टॅबबारचा डेलिगेट (टॅपसारख्या घडामोडी ज्याला कळवल्या जातात तो ऑब्जेक्ट) बदलून पाहिला, तर ॲप उघडताच बंद पडते. निवड नेमकी कोठे पकडावी?

घोडबंदरवासी:
टॅबबार यूआयटॅबबारकंट्रोलरच्या (टॅब सांभाळणाऱ्या तयार कंट्रोलरच्या) ताब्यात असताना त्याचा डेलिगेट तो कंट्रोलरच असतो आणि तो बदलू दिला जात नाही, म्हणूनच ॲप बंद पडते. तुम्हाला डेलिगेट नेमायचा आहे तो कंट्रोलरचा. त्याच्या शुडसिलेक्ट या निवडीआधी बोलावल्या जाणाऱ्या मेथडमध्ये आलेला व्ह्यूकंट्रोलर (स्क्रीन सांभाळणारा ऑब्जेक्ट) आणि त्या क्षणी निवडलेला व्ह्यूकंट्रोलर एकच असतील, तर टॅप पुन्हा झाला आहे असे समजून यादी सरकवावी आणि निवड होऊ द्यावी म्हणून शेवटी ट्रू परत करावे. ही तुलना निवडीनंतर चालणाऱ्या डिडसिलेक्टमध्ये करू नका. तोपर्यंत निवड झालेली असल्याने दोन्ही नेहमी सारखेच दिसतील. सिलेक्टेडइंडेक्स (निवडलेल्या टॅबचा क्रमांक) कोडमधून बदलला तर यांपैकी काहीच बोलावले जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

ऐरोलीकर:
मेथड बोलावली जाते, आभारी आहे. मात्र आलेल्या व्ह्यूकंट्रोलरचे माझ्या वेळापत्रकाच्या क्लासमध्ये कास्टिंग (त्या प्रकारात रूपांतर) होत नाही, हाती निलच, म्हणजे रिकामे मूल्यच, येते.

नेरुळ पूर्व:
तपशिलाचा स्क्रीन उघडतो आहे, त्या अर्थी प्रत्येक टॅब नॅव्हिगेशन कंट्रोलरमध्ये (एकावर एक उघडणारे स्क्रीन सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) बसवलेला असणार. मग डेलिगेटच्या हाती येतो तो नॅव्हिगेशन कंट्रोलर. तुमचा स्क्रीन त्याच्या व्ह्यूकंट्रोलर्स या यादीत पहिला असतो. येथेच आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल. तपशील उघडा असताना त्याच टॅबवर टॅप केले, तर आयओएस स्वतःच मुळाच्या स्क्रीनवर परत नेते. त्याच टॅपने यादीही सरकली, तर वाचणाऱ्याची जागा हरवते, आणि हीच तर तुमची मूळ तक्रार होती. म्हणून व्ह्यूकंट्रोलर्सची संख्या 1 असेल तरच यादी सरकवावी, आणि ही तपासणी शुडसिलेक्टमध्येच करावी.

पुढेमागे स्विफ्टयूआयकडे (ॲपलच्या स्क्रीन बनवण्याच्या नव्या पद्धतीकडे) वळलात, तर टॅबव्ह्यूच्या निवडीवर ऑनचेंज (मूल्य बदलले की चालणारा कोड) लावून भागणार नाही, कारण मूल्य तेच राहिल्यावर ते चालत नाही. स्वतःचे बाइंडिंग (मूल्य वाचण्या-लिहिण्याचा दुवा) लिहून त्याच्या सेटमध्ये जुने आणि नवे मूल्य ताडून पाहावे लागते. अँड्रॉइडच्या बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यूमध्ये (तिथल्या टॅबबारमध्ये) पुन्हा केलेल्या टॅपसाठी वेगळा लिसनरच दिलेला आहे, ही सोय मला अधिक सरळ वाटते.

ऐरोलीकर:
संख्येची अट घातल्यावर दोन्ही गोष्टी जमल्या. डेलिगेटचा वेगळा ऑब्जेक्ट मी लोकल व्हेरिएबलमध्ये बनवून पाहिला होता, तेव्हा एकही मेथड चालेना. डेलिगेटचा हा संदर्भ वीक असतो, म्हणजे तो ऑब्जेक्टला जिवंत ठेवत नाही, हे लक्षात येण्यात एक संध्याकाळ गेली. आता तो ऑब्जेक्ट सीनडेलिगेटमध्ये (ॲपची विंडो सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) धरून ठेवला आहे.