दुःखातून खरंच जाग येते का?

प्रश्न: वर्षभरात नोकरी गेली, मग बाबा गेले, आणि रडून रडून संपल्यावर एका पहाटे एकदम शांत वाटलं, आनंद नाही पण भीतीच उरली नव्हती. ही आध्यात्मिक जागृती की नुसतं डोकं थकलंय?

प्रतिसाद १: दोन्ही असू शकतं. मानसशास्त्रात याला पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ म्हणतात, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर माणसात होणारे चांगले बदल, १९९६ ला टेडेस्की-कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी ते मोजायला २१ विधानांची मोजपट्टी काढली त्यात आध्यात्मिक बदल हा वेगळा भाग आहे. पण म्हणून दुःख जात नाही हां, दुःख आणि हा बदल दोन्ही सोबत राहतात.

प्रतिसाद २: मला तर जागृती नाही, जागरणच झालं बुवा 😀 पण सगळंच बधिर वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव.

प्रश्नकर्ता: बधिर नाही, उलट पाखरांचा आवाज पण नीट ऐकू येतोय आता.