नदीचे पाणी सुधारण्याच्या कामात जलसंपदा अभियंत्याला स्थान आहे का?

प्रश्न:
मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असून जलसंपदा अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन नद्यांच्या पाण्याच्या गुणवत्तेवर काम करावे, अशी इच्छा आहे. परंतु ते क्षेत्र पर्यावरण अभियंत्यांचे असून जलसंपदावाल्यांनी धरणे-कालवे पाहावेत, असे सांगितले जाते. यात कितपत तथ्य आहे?

पहिले उत्तर:
फारसे नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया कशी करायची हे पर्यावरण अभियंता सांगेल. ती किती करायची हे मात्र नदी किती प्रदूषण सामावून घेऊ शकते यावर ठरते आणि तो हिशेब आपला आहे. सेकंदाला १ घनमीटर वाहणाऱ्या नाल्यात बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम असेल, तर नदीत दिवसाला सुमारे २,६०० किलो भार पडतो; प्रवाह मोजलाच नसेल तर प्रयोगशाळेच्या अहवालावरून हा आकडा काढता येत नाही. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो नाला मिळतो तेथे नव्हे, तर बरेच खाली, कारण जिवाणू वाटेत ऑक्सिजन वापरत जातात आणि हवेतून होणारी भरपाई सुरुवातीला अपुरी पडते. ऑक्सिजनच्या या घट-भरपाईचे, स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून मांडलेले समीकरण आजच्या प्रतिमानांच्याही (मॉडेल्सच्याही) मुळाशी आहे, आणि त्यातील वेग, खोली ही सारी जलगतिकी आहे. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, जिवाणूंचा वेग वाढतो आणि पाण्यात मावणारा ऑक्सिजनही घटतो (२० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५), म्हणून आराखडा वार्षिक सरासरीवर नव्हे, किमान प्रवाहावर करावा लागतो.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत आहे, मात्र शेतांतून वाहून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस कोणत्याही नळातून येत नाहीत. ते मोजायचे तर पहिल्या जोरदार पावसात, बहुधा अवेळी, नमुने घ्यावे लागतात. संगणकावरच्या प्रतिमानाच्या ओढीने येणाऱ्यांना हा भाग रुचत नाही, पण मोजमापांशी न पडताळलेल्या प्रतिमानाला मी तरी केवळ रंगीत नकाशा समजतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र कितपत लागेल?

पहिले उत्तर देणारे:
अहवालातील अशक्य आकडा ओळखण्याइतके तरी नक्कीच. बीओडी हा सीओडीपेक्षा (रासायनिक ऑक्सिजन मागणी; तीत जिवाणूंना न कुजवता येणारी घाणही मोजली जाते) जास्त दिसला, तर गणिताला बसण्याआधी प्रयोगशाळेला विचारावे. ऐच्छिक विषयांत जलगुणवत्ता प्रतिमान आणि नदी परिसंस्था हे दोन अवश्य घ्या.