लेझरने दात काढला, लेझरनेच ब्रिज केला असं म्हणणं बरोबर आहे का?

पाऊलखूण
माझी खालची पहिली दाढ मुळापर्यंत चिरली होती, वाचण्यासारखी नव्हतीच, म्हणून ती काढायची आणि पुढचा-मागचा दात तासून तिथे तीन दातांचा ब्रिज, म्हणजे त्या दोन दातांवर टेकणारा अखंड कृत्रिम दातांचा तुकडा, बसवायचा असं ठरलं. मला सांगितलं होतं की आमच्याकडे सगळं लेझरने होतं, कापाकापी नाही, ड्रिल नाही, दुखणं नाही. मी आधीच घाबरट, ते ऐकूनच हो म्हणून टाकलं. प्रत्यक्षात काय झालं तर भुलेचं इंजेक्शन दिलं, हिरडीच्या कडेने अर्धा मिनिट लेझर फिरवला, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं दात सैल करायचं तेच एलिव्हेटर, दात ओढायचा तोच फोर्सेप्स नावाचा चिमटा. नंतर ब्रिजसाठी दोन्ही दात तासले तेव्हा तर सगळं काम एअरोटरनेच, म्हणजे हवेवर फिरणाऱ्या ड्रिलने, लेझर फक्त शेवटी माप घ्यायच्या आधी हिरडीभोवती. काम वाईट झालेलं नाही, ब्रिज छान बसलाय, पण खुर्चीत तो आवाज सुरू झाला तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. तेव्हापासून जमेल तेवढं वाचलंय आणि माझं मत असं झालंय की या दोन्ही कामांत लेझर हे मुख्य हत्यार नाहीच, जोडीला घ्यायचं आहे, आणि हे पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट
नाही पटलं. तुमच्याकडे वापरला तो हिरडीचा लेझर असणार. माझी एक लहान कीड अर्बियमच्या लेझरने काढली, सुई दिली नाही, ड्रिल लावलं नाही, नुसता टक टक असा आवाज आणि पाण्याचा फवारा. लहानपणापासून मी ड्रिलच्या आवाजाने दवाखान्याच्या दारातून परत फिरलेली आहे, सहा वर्षं दुखणं अंगावर काढलंय, त्यामुळे हे तंत्र "जोडीला" म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. जे कीड काढू शकतं ते ब्रिजसाठी दात का तासू शकणार नाही?

दंतमंजिरी
मी डेंटिस्ट आहे, दहा वर्षं लेझर वापरतो. दोघांच्याही बोलण्यात एकच घोळ होतोय, लेझर म्हणजे एकच वस्तू नाही. डायोड लेझर 810 ते 980 नॅनोमीटरचा, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये आणि हिरडीच्या रंगद्रव्यात शोषला जातो, मऊ भाग कापतो आणि रक्त थांबवतो, पण त्याने इनॅमल किंवा हाड कापता येत नाही, तापवलं मात्र जातं. अर्बियम याग 2940 नॅनोमीटरचा, तो पाण्यात प्रचंड शोषला जातो. दातातल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि त्या सूक्ष्म स्फोटाने कण उडतो, टक टक आवाज त्याचाच. किडलेल्या भागात पाणी जास्त म्हणून तो पटकन उडतो, निरोगी इनॅमल जवळजवळ 96 टक्के खनिज म्हणून तिथे वेळ लागतो. रानवाट ताई, तुमचा अनुभव खरा आहे आणि तो या कारणाने खरा आहे.

पण पाऊलखूण, "जोडीला" हा शब्द मलाही खटकला. 1960 साली पहिला रुबी लेझर आला आणि 1964 मध्येच तो दातावर वापरून बघितला, तेव्हा उष्णतेने सगळं फसलं. तिथून अर्बियमला कठीण भागासाठी अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेची, मान्यता मिळायला 1997 उजाडलं. एवढ्या वर्षांच्या कामाला जाहिरातबाजी म्हणून निकालात काढू नका. अडकलेल्या अक्कलदाढेवरचं हाड मी अर्बियमने काढतो, कंपन नाही, हाड जळत नाही, घाबरलेला पेशंट शांत पडून राहतो. जुनी झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप न फोडता सुटवायला तर याच्याइतकं सोयीचं माझ्याकडे दुसरं काही नाही, आतल्या सिमेंटची पकड सुटते आणि कॅप अख्खी हातात येते.

प्रॉस्थो_एक
डॉक्टर, कॅप सुटवण्याबद्दल सहमत. फक्त धातूची कॅप असेल तर तिथे हा लेझर चालत नाही, परावर्तित होतो, हेही सांगा.

आता ब्रिजच्या तयारीबद्दल, कारण माझं रोजचं काम तेच आहे. रानवाट ताईंचा प्रश्न रास्त आहे, कीड काढता येते तर दात का नाही तासता येणार. ताई, कीड काढणं म्हणजे खड्डा करणं, तो थोडा वेडावाकडा झाला तरी चालतं, सिमेंट त्यात भरलं जातं. ब्रिजच्या तयारीत दात घडवायचा असतो. दोन वेगळे दात असे तासायचे की दोघांच्याही भिंती एकाच दिशेला उभ्या राहतील, नाहीतर तीन दातांचा अखंड तुकडा वरून खाली जाणारच नाही. भिंतीला थोडासा उतार हवा, फार झाला तर ब्रिज निसटतो, कमी झाला तर अडकतो. आणि तळाला कड हवी, मार्जिन म्हणतो आम्ही, ती सलग आणि स्वच्छ. आमच्या डायमंड बरच्या, म्हणजे ड्रिलमध्ये बसवायच्या कापणाऱ्या सळईच्या, टोकाचा जो आकार असतो तोच त्या मार्जिनला उतरतो, गोल टोकाचा बर फिरवला की गोल कड आपोआप मिळते. लेझरचं टोक समोर मारतं, बाजूने कापत नाही, प्रत्येक पल्सला एक बारीक खळगा, त्यातून गुळगुळीत भिंत कशी काढणार? शिवाय वरून दीड ते दोन मिलिमीटर निरोगी इनॅमल-डेंटिन काढायचंय, दोन दातांचं. एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेऱ्यांनी जे काम करतो त्याला लेझरने किती वेळ लागेल याचा विचार करा, तेवढा वेळ तोंड उघडं ठेवणं हाही त्रासच आहे. बीजिंगमध्ये संशोधक फेम्टोसेकंद लेझर (अतिशय कमी वेळाच्या पल्सचा) आणि यांत्रिक हात जोडून काढलेल्या दातांवर अशी तयारी करून बघतायत, ते चांगलंच आहे, पण आज खुर्चीतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

प्लास्टरचे हात
मी लॅबमध्ये ब्रिज बनवतो, बारा-तेरा वर्षं झाली. पेशंट मला कधी दिसत नाही, दिसतं ते फक्त मॉडेल किंवा स्क्रीनवरचा स्कॅन. मार्जिन स्वच्छ असेल तर ब्रिज पहिल्याच वेळी बसतो, मार्जिन दातेरी आलं की मशीनचा बर त्या खाचांत जातच नाही, मग मी अंदाजाने ओढलेली रेघ आणि दातावरची कड यांच्यात फट राहते, आणि फटीत पुन्हा कीड. दात कशाने तासलाय ते मला कोणी सांगत नाही पण कड कशी आलीये ते दिसतं. लेझरचा फायदा मला कुठे जाणवतो तर हिरडी बाजूला करण्यात. माप घेण्याआधी हिरडी बाजूला सारायला तिच्या कडेत भरतात तो दोरा नीट बसला नाही, रक्त आलं, लाळ आली की मापात तो भाग पुसटच येतो आणि मी तीन-तीनदा फोन करून माप परत मागतो. डायोडने हिरडीची कड उघडी केलेली मापं बहुतेक वेळा स्पष्ट येतात.

दंतमंजिरी
हेच तर मी म्हणतोय! दोरा भरण्यात वेळ जातो, काढताना पुन्हा रक्त.

प्रॉस्थो_एक
स्पष्ट येतात, मान्य. पण जी हिरडी तुम्ही लेझरने उडवता ती दोऱ्यासारखी परत जागेवर येईलच असं नाही. पातळ हिरडीच्या माणसात, त्यातही समोरच्या दातांत, मी डायोड लावत नाही. हिरडी थोडी वर सरकली तरी कॅपची कड कायमची दिसते. मागच्या दाढांना वापरा, माझी हरकत नाही.

चिंचपान
मला दात काढण्याबद्दल विचारायचंय. वडिलांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी आहे आणि एक दाढ काढायचीये. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले लेझरने काढा म्हणजे रक्तच येत नाही, गोळी दोन दिवस बंद ठेवा नि उरकून घ्या. हे बरोबर आहे का?

दंतमंजिरी
चिंचपान, गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, हे सगळ्यात आधी. साध्या एका दाढेसाठी बहुतेक वेळा ती बंद करावी लागतही नाही, पण ते हृदयाचे डॉक्टर आणि डेंटिस्ट यांनी मिळून ठरवायचं. दाढ काढल्यावर रक्त थांबतं ते गॉजच्या दाबाने, टाक्यांनी, खड्ड्यात ठेवायच्या रक्त गोठवणाऱ्या स्पंजने. डायोड हिरडीच्या कडेचं रक्त थांबवतो, खड्ड्याच्या तळातून येणाऱ्या रक्तासाठी त्याच्या भरवशावर राहता येत नाही. लेझरची मी इतकी बाजू घेतोय पण इथे घेणार नाही.

पाऊलखूण
धन्यवाद डॉक्टर, हे स्पष्ट सांगितलंत ते फार बरं झालं. पण मग तुम्हीच सांगा, काढण्यात त्याचा वाटा किती? मी वाचलं त्याप्रमाणे दात आणि हाड यांच्यामध्ये जे तंतू असतात त्या पट्ट्याची जाडी सुमारे 0.2 मिलिमीटर, लेझरची बहुतेक टोकं त्याहून जाड. मग तो मुळापर्यंत जाणार कसा? वरवरची हिरडी सुटते, तेवढंच. दात निघतो तो एलिव्हेटरने हाडाचा खड्डा हळूहळू रुंद करत करत.

दंतमंजिरी
साध्या दातात तसंच आहे, नाकारत नाही. हाड काढावं लागतं तिथे वाटा मोठा आहे.

प्रॉस्थो_एक
तिथेही एक धोका सांगायला हवा. बरने हाड कापताना हाताला कळतं, कठीण लागलं, मऊ लागलं, आता दात आला. लेझर हाडाला टेकत नाही, हाताला काहीच कळत नाही, आणि खालच्या अक्कलदाढेखालून नस जाते. शिवाय त्याच्या फवाऱ्यात हवा असते, ती उघड्या जखमेतून गालाच्या आत शिरली तर चेहरा एकदम सुजतो. म्हणून तर शस्त्रक्रियेत आम्ही नेहमीचा एअरोटरही टाळतो आणि सलाइन सोडणारा सरळ हँडपीस घेतो. सवय असलेल्या हातात अर्बियम चांगला, पण "कापाकापी नाही" असं सांगून विकायची ही गोष्ट नाही.

रानवाट
मला अजूनही वाटतं की तुम्ही सगळे भीतीला फार हलकं घेताय. बरचा आकार, मार्जिन, सगळं समजलं, आणि ब्रिजसाठी ड्रिल लागणार हेही आता मान्य करते. पण माझ्यासारखी माणसं वर्षानुवर्षं येत नाहीत आणि शेवटी दात काढायचीच वेळ येते. लहान कीड असतानाच लेझर मिळाला तर ब्रिजपर्यंत गोष्ट जाणारच नाही, हेही कोणीतरी मोठ्याने सांगा की.

पाऊलखूण
ताई, हे तुमचं शंभर टक्के पटलं, आणि माझ्या मूळ पोस्टमध्ये ते यायला हवं होतं. माझी तक्रार भीती घालवण्याबद्दल नाही. भीती घालवायला खोटं सांगितलं की पुढच्या वेळी माणूस दुप्पट घाबरून येतो, माझं तेच झालंय.

अजून एक राहिलं. मला असंही सांगितलं होतं की लेझरने जखम लवकर भरते म्हणून ब्रिजसुद्धा लगेच. सुदैवाने दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तीन महिने थांबायला लावलं.

प्रॉस्थो_एक
बरोबर थांबलात. हिरडी वरून दोन-तीन आठवड्यांत मिटलेली दिसते पण आतलं हाड आकसत असतं. दाढ काढल्यावर वर्षभरात तिथली रुंदी साधारण निम्मी कमी होते आणि त्यातली दोन तृतीयांश पहिल्या 3 महिन्यांतच. त्याआधी कायमचा ब्रिज बसवला तर मधल्या दाताखाली फट पडते, अन्न अडकतं. तोपर्यंत तात्पुरता ब्रिज घालता येतो. लेझर मारला म्हणून हे वेळापत्रक बदलत नाही.

प्लास्टरचे हात
अशा फटीचे ब्रिज परत येतात माझ्याकडे, "खालून थोडं वाढवून द्या" म्हणून. ते वाढवता येत नाही, नवाच करावा लागतो.

दंतमंजिरी
पातळ हिरडीबद्दल मी अजून सहमत नाही, पॉवर कमी ठेवली आणि टोक दाताच्या बाजूने धरलं तर मला त्रास झालेला नाही, त्यावर वेगळं बोलू. पण पाऊलखूण, तुमची पोस्ट वाचून मी माझं संमतीपत्र काढून बघितलं. त्यात खरंच "लेझर एक्स्ट्रॅक्शन" असं लिहिलंय, इतकी वर्षं सही घेतोय. उद्यापासून तिथे "एलिव्हेटर व फोर्सेप्सने दात काढणे, हिरडीसाठी डायोड लेझर" असं लिहिणार, आणि ब्रिजच्या कागदावर एअरोटर हा शब्दही घालणार.