‘पाव म्हणजे चौथा हिस्सा’ ही थाप कुणी सोडली?

भाकरतुकडा: कालपासून फॉरवर्ड फिरतोय, ‘चौघांत वाटून खायचे म्हणून पाव, मूळ संस्कृत पाद!’ अहो, लादी सहाची येते. मग एकेकाला ‘सहावा’ म्हणायचं? हा सरळसरळ पोर्तुगीज ‘पांव’, नाकातून उच्चारायचा. त्याच्या मागे लॅटिन ‘पानिस’. जपान्यांनीही पोर्तुगीजांकडूनच ‘पान’ उचलला. तिकडे कुठे होता पावशेर?

कट्ट्यावरचा: झालं, आपलं काहीच नाही! पावशेरही लिस्बनहून आला का? माझी आजी सांगायची, पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव. तिने जन्मात शिवला नाही.

भाकरतुकडा: पावशेरातला पाव ‘पादा’तलाच, नाही कोण म्हणतंय? शब्द दोन, कानाला एक. गुजरातीत बघा, चौथा हिस्सा ‘पा’ आणि खायचा तो ‘पाउं’. आजीला नमस्कार, पण आजी म्हणजे व्युत्पत्तिकोश नव्हे.

कट्ट्यावरचा: आजीवर जायचं काम नाही.

मडगावकर: आमच्याकडे तर भाजणाराही ‘पोदेर’, पोर्तुगीजच. पूर्वी यीस्ट कुठलं, माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवायचे. अजून सकाळी सायकलचा भोंगा वाजतो, टोपलीत उंडो आणि पोळी, दोन्ही पावच, पोळीवर कोंडा लागलेला. तुम्ही मुंबईकर खाता तो कापूस.

वसईवाली: कापूसही मिळायचा नाही आता! 2025 च्या जानेवारीत हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. माझ्या मामांची भट्टी विटांची, रात्रभर तापलेली राहते. गॅसवर ती खालची करपरी कड येते का? व्युत्पत्ती काय चघळताय!

कट्ट्यावरचा: आमच्या मागच्या गल्लीत बेकरी होती. आईचा दमा कुणी काढला? कड म्हणे!

वसईवाली: आणि रस्त्यावरच्या डिझेल गाड्या काय अत्तर सोडतात?

भाकरतुकडा: धागा शब्दाचा आहे हो!

कट्ट्यावरचा: बरं बाबा, पाव पोर्तुगीज. बटाटाही घेऊन जा. वड्यात आमचं उरलं काय, बेसन आणि मिरची?

मडगावकर: मिरचीही त्यांच्याच जहाजातून आली. आणि ‘बटाटा’ कॅरिबियनमधल्या तैनो लोकांचा शब्द, तोही रताळ्याचा.

कट्ट्यावरचा: म्हणजे उपासाला बटाटावडा चालतो. धन्यवाद, पंडित.

वसईवाली: मामांच्या नव्या ओव्हनचं बिल कोण भरणार, ते सांगा आधी.